खांबावरचा कोतवाल

उद्या सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीत जाल तेव्हा एक काम करा. समोरच्या दिव्याच्या खांबावर किंवा रिकाम्या प्लॉटच्या काटेरी कुंपणावर काळा पक्षी बसला असेल, तर त्याच्याकडे पाच मिनिटं बघा. मोबाईल खिशात राहू द्या. नाव शोधायची घाई नको. नुसतं बघा.

नवा रायपुरात राहायला आलेल्या प्रत्येकाची पहिली तक्रार एकच असते, ‘इथे काही नाहीच हो.’ मीही तात्यापाऱ्याच्या गल्लीतून सेक्टर २७ मध्ये आले तेव्हा हेच म्हणत होते. संध्याकाळी मंत्रालय सुटलं, बसगाड्या जुन्या रायपुराकडे निघाल्या, की एवढ्या रुंद रस्त्यावर चिटपाखरू नसतं, असं मी बहिणीला फोनवर सांगायची. चिटपाखरं मात्र भरपूर होती. माणसं नव्हती, एवढंच. धानाची शेतं, भाट्याची मुरमाड जमीन आणि गावतळी यांच्या मधोमध हे शहर वसवलं आहे. त्यामुळे सेक्टरचा रस्ता संपतो तिथे राखी, कयाबांधा, उपरवारा ही गावं लागतातच आणि गावाबरोबर गावाचे पक्षीही असतात. सेंधच्या तलावावर हिवाळ्यात बदकं बघायला लोक गाड्या काढून जातात. जरूर जावं. पण ओळख करून घ्यायची तर दाराशी बाराही महिने बसणाऱ्यापासून सुरुवात करावी, असं माझं मत आहे. तो म्हणजे कोतवाल.

हे नाव आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. महाराष्ट्रात गावचा कोतवाल तलाठ्याच्या हाताखाली असायचा. इथे छत्तीसगडात तोच ‘कोटवार’ होऊन गावात हाकारा देत फिरतो. गावावर नजर ठेवायची आणि कुणी उपरा आला तर आधी आरडाओरडा करायचा, हे काम हा पक्षी बिनपगारी करतो. इंग्रजांनी त्याला कावळ्यांचा राजा केलं, ‘किंग क्रो’. कावळ्यांशी त्याचं नातं काही नाही, वैर मात्र आहे. आपल्या लोकांनी दिलेला हुद्दा मला जास्त नेमका वाटतो.

आता रूप. अंगाने कोतवाल बुलबुलाएवढाच, पण शेपटीसकट मोजला तर जेमतेम फूटभर भरतो. रंग काळा, उन्हात त्याला निळसर पोलादी झाक येते. शेपटी लांब आणि टोकाशी दुभंगलेली, माशाच्या शेपटीसारखी. बाहेरची पिसं किंचित बाहेर वळलेली. एवढ्यावर नव्वद टक्के काम होतं. उरलेल्यासाठी चोचीच्या मुळाशी बघा. तोंडाच्या कोपऱ्यात पांढरा ठिपका असतो, बारीक, तांदळाच्या कणीएवढा. दुर्बीण असली तर तो झटकन दिसतो. नसली तर सकाळच्या तिरप्या उन्हात जवळून दिसतो.

काळा पक्षी दिसला की कोतवाल म्हणायचं, ही सुरुवातीची चूक सगळ्यांकडून होते. नर कोकीळही काळाच असतो, पण त्याचे डोळे लालभडक, चोच फिकट हिरवट आणि शेपटी सरळ, न दुभंगलेली. शिवाय कोकीळ पानांत दडतो. कोतवालाला दडणं माहीतच नाही. चिरक जमिनीवर तुरूतुरू पळतो आणि शेपटी उभी करतो. कोतवाल जमिनीवर उतरतो तो किडा उचलण्यापुरता, चालत नाही. पावसाळ्याच्या अखेरीस मात्र एक खरा घोळ होतो. कोतवालाची त्या वर्षीची पिल्लं तेव्हा स्वतंत्र झालेली असतात आणि त्यांच्या पोटावर पांढरे खवले असतात. ते बघून कुणीतरी उत्साहाने ‘पांढऱ्या पोटाचा कोतवाल’ अशी नोंद करून टाकतं. तो वेगळा पक्षी आहे. त्याचं पोट स्वच्छ पांढरं असतं, ठिपक्याठिपक्यांचं नसतं, आणि त्याला उघड्या शेतापेक्षा विरळ जंगल आवडतं. पिल्लाचं पोट धुतलेल्या पाटीवर खडूचे डाग राहावेत तसं दिसतं. खवले दिसले तर वर्षभर थांबा. तोच पक्षी काळाकुट्ट होऊन त्याच खांबावर बसलेला सापडेल.

पण मी रूपावर फार भर देणार नाही. रूप कुठल्याही पुस्तकात मिळतं. सलीम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक १९४१ पासून लोक वापरताहेत. आपल्या भाषेतली नावं हवी असतील तर मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ आहे. पुस्तकातलं चित्र स्थिर असतं आणि कोतवाल तसा कधीच नसतो. तो ओळखावा त्याच्या वागण्यावरून.

तो बसतो कुठे ते बघा. उंच, उघड्यावर, चारी बाजूंना नजर जाईल अशा जागी. खांब, कुंपण, वाळलेली फांदी, आणि गावाकडे गेलात तर म्हशीची पाठ. तिथून एकदम झेपावतो, हवेतच किडा पकडतो, अर्धवर्तुळ घेतो आणि बहुतेक वेळा परत त्याच जागी येऊन बसतो. हे ‘परत त्याच जागी’ लक्षात ठेवा. वेडा राघूही असंच करतो, पण तो हिरवा, बारीक आणि सडसडीत. खाटीकही उंच बसून टेहळणी करतो, पण त्याचा रोख जमिनीवर असतो आणि त्याच्या डोळ्यांवरून काळी पट्टी गेलेली असते. कोतवाल हवेत जसा वळतो, तसा या दोघांतला कुणी वळत नाही. ती दुभंगलेली शेपटी सुकाणूचं काम करते. एकदा त्याला पतंगामागे पडलेला बघितलात, की पुढे अर्धा किलोमीटर लांबूनही नुसत्या वळणावरून ओळखाल.

शेतात बियासी चालू असते ते दिवस यासाठी सगळ्यात चांगले. विदर्भातून आलेल्या वाचकांसाठी सांगते, इथे धान पेरून महिनाभराने, रोपं वीतभर झाली की पाणी साठलेल्या उभ्या पिकात पुन्हा नांगर फिरवतात. त्याला बियासी म्हणतात. नांगरामागे गायबगळे पायी चालतात आणि कोतवाल वरून येतो. चिखलातून उडालेला टोळ बगळ्याच्या चोचीत जाण्याआधी कोतवाल उचलून नेतो. चोरी म्हणा हवं तर. हुदहुदाने खणून काढलेली अळी आणि साळुंकीने धरलेला किडा हिसकावण्यातही त्याला लाज नाही.

पहिला पाऊस पडतो त्या संध्याकाळी आणखी एक खेळ असतो. जमिनीतून पंखवाल्या उधईचे लोट निघतात. दिव्याखाली त्यांचा खच पडतो आणि आपण खिडक्या लावून, दिवे घालवून बसतो. त्या दिवशी खिडकी लावा, पण काचेतून रस्त्यावरच्या दिव्याकडे बघा. अंधार पडून गेला तरी कोतवाल दिव्याच्या उजेडात फेऱ्या मारत असतो. दिवसाच्या पक्ष्याने रात्रपाळी करावी अशी सोय आपल्या या रुंद रस्त्यांनी करून दिली आहे.

आणि त्याचं भांडण. घार, शिक्रा, कावळा, कुणीही त्याच्या घरट्याच्या आसपास आला की हा त्याच्या पाठीवर उतरतो. अक्षरशः पाठीवर. घारीच्या मानेत चोच मारत तिला हद्दीपलीकडे सोडून येताना मी जंगल सफारीच्या रस्त्यावर बघितला आहे. घार त्याच्यापेक्षा कितीतरी मोठी. ती उलटून प्रतिकार करत नाही, मुकाट निघून जाते. म्हणूनच हळद्या, होला, बुलबुल असे गरीब स्वभावाचे पक्षी कोतवालाच्या झाडावर किंवा शेजारच्या झाडावर घरटं बांधतात. पोलीस चौकीशेजारी दुकान टाकावं तसं. एवढा पहारा असूनही कधीमधी कोकिळा त्याच्याच घरट्यात अंडं घालून जाते, ही त्यातली गंमत.

आता आवाजाकडे येते. इथे मी स्वतः तोंडघशी पडले आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

गेल्या वर्षी वैशाखात एका सकाळी मागच्या बाजूने शिक्र्याचा आवाज आला. तीक्ष्ण, दोन तुकड्यांचा, ओळखू येणारा. बाल्कनीतल्या साळुंक्या भुर्रकन उडाल्या. मी घाईने शेजारणीला हाक मारली, त्यांच्या नातवाला शिक्रा दाखवायचं मी कबूल केलं होतं. आम्ही तिघं जिना उतरून मागे गेलो. शिक्रा कुठेच नव्हता. कुंपणावर एक कोतवाल बसलेला, चोचीत साळुंकीने टाकलेला किडा. आमच्या बागेत काम करणाऱ्या, जवळच्या गावातून येणाऱ्या बाई हसत होत्या. त्यांना हे लहानपणापासून माहीत होतं. कोतवाल शिक्र्याचा आवाज हुबेहूब काढतो, साळुंक्या घाबरून उडतात आणि टाकलेला माल याचा होतो. अभ्यासकांनीही हे नोंदवून ठेवलं आहे. याचा आफ्रिकेतला भाऊबंद त्याच्याही पुढे गेलेला आहे. कलहारी वाळवंटात तो इतर पक्ष्यांच्या आणि मुंगसासारख्या मीरकॅटच्या धोक्याच्या हाका नकलतो, ते पळाले की त्यांचं खाणं पळवतो, आणि एक हाक चालेनाशी झाली तर दुसरी काढून बघतो. २०१४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यावर शोधनिबंध आला होता.

तेव्हा माझा सल्ला असा. कोतवालाचा स्वतःचा आवाज आधी कानात पक्का बसवा. दोन अक्षरी, खणखणीत ‘टी-हिऽ’, आणि भांडताना कर्कश चरचर. विणीच्या दिवसांत, म्हणजे चैत्रापासून पुढे, तो उजाडण्याच्या कितीतरी आधी बोलू लागतो. बाकी सगळे झोपलेले असतात, त्यामुळे गल्लत होत नाही. तीच त्याचा आवाज शिकायची वेळ. दिवसा मात्र नुसत्या आवाजावर विसंबून कागदावर काही लिहू नका. मोबाईलवर ‘मर्लिन’ नावाचं ॲप मिळतं, आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सांगतं. मीही वापरते. पण नकलाकारासमोर जे साळुंकीचं झालं, तेच मशीनचंही होऊ शकतं. ॲपने ‘शिक्रा’ म्हटलं तर शिक्रा डोळ्यांनी दिसेपर्यंत ते खरं मानू नका.

आवाजाच्या बाबतीत याच्या अगदी उलट प्रकार अमेरिकेत आहे, पण आधी तिथला पक्षी सांगते. माझी भाची टेक्सासात असते. तिने एकदा व्हिडिओ पाठवला. तारेवरून झेपावणारा, किडा पकडून तारेवर परतणारा, ससाण्याच्या पाठीवर बसणारा पक्षी. ‘मावशी, हा आपला कोतवालच ना? फक्त पिवळा कसा?’ तो किंगबर्ड. करडं डोकं, पिवळं पोट, काळी शेपटी आणि शेपटीच्या दोन्ही कडांना पांढरी रेघ, म्हणजे पश्चिमेकडचा किंगबर्ड. त्याचा पूर्वेकडचा भाऊ वरून काळसर, खालून पांढरा आणि शेपटीच्या टोकाला पांढरी पट्टी. आवाज विजेची ठिणगी उडावी तसा. त्याच्या डोक्यावर पिसांखाली एक तांबूस नारिंगी तुरा लपलेला असतो, तो चिडल्यावरच दिसतो. शास्त्रज्ञांनी त्याचं नाव ‘टिरॅनस टिरॅनस’ ठेवलं, जुलमी राजा, तेही दोनदा. कोतवालाशी त्याचं कुळ जुळत नाही. ही मंडळी फक्त अमेरिका खंडांत. पण उघड्या माळावर उडते किडे धरून जगायचं आणि घरट्यासाठी स्वतःपेक्षा थोरल्याशी भांडायचं ठरवलं, की दोन वेगळ्या कुळांतले पक्षीसुद्धा एकाच वळणाचे होतात, आणि माणसं दोघांनाही राजाच म्हणतात.

भाचीला मी एक गोष्ट मात्र वेगळी सांगितली. दक्षिण टेक्सासात आणखी दोन पिवळ्या पोटाचे किंगबर्ड आहेत, ट्रॉपिकल आणि काउचचा. दोघे दिसायला इतके सारखे, की मुरलेले पक्षीनिरीक्षकही ते तोंड उघडेपर्यंत थांबतात. एकाची बारीक थरथरती किलबिल, दुसऱ्याचा लांबवलेला ‘ब्रीऽर’. तिथे आवाज ऐकल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. इथे आवाज ऐकून लगेच निकाल द्यायचा नाही. दोन्हीकडचा नियम उलटा आहे, तरी दोन्हीकडे लागते ती सबुरीच.

आपल्याकडेही आवाजाने सुटणारं एक कोडं आहे. पावसाळ्यात झाडीच्या भागात कोतवालासारखाच काळा, शेपटी किंचित दुभंगलेली, असा एक पक्षी येतो. तो कोकीळकुळातला. कोतवालाचं सोंग घेऊन फिरणारा. त्याच्या शेपटीखाली बारीक पांढरे पट्टे असतात, पण दाट पानांत ते दिसणार कसे? तो एकापाठोपाठ एक चढत जाणाऱ्या पाच-सहा शिट्या घालतो. कोतवाल आपल्या मूळ आवाजात अशी पायऱ्या चढल्यासारखी शिटी घालत नाही.

खांबावरचा कोतवाल पक्का झाला, की त्याचे भाऊबंद बघायला बाहेर पडा. त्याआधी नको. हिवाळ्यात हिमालयाकडून राखी कोतवाल उतरतो. अंग राखाडी, डोळे लाल, तोंडाशी पांढरा ठिपका नाही, आणि बसतो मोठ्या झाडांच्या शेंड्याशी. दाट जुनी झाडं आहेत तिथे ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत नजर ठेवा. पांढऱ्या पोटाचा बघायचा असेल तर बारनवापारा अभयारण्य गाठावं लागेल. १९७६ सालचं हे अभयारण्य रायपुरापासून शंभरेक किलोमीटरवर आहे आणि एका दिवसात जाऊन येता येतं. तिथेच बांबूच्या बनात भृंगराज दिसतो. डोक्यावर झुबकेदार तुरा, शेपटीची दोन पिसं तारेसारखी लांब आणि टोकाशी पानासारखी. उडताना वाटतं, दोन भुंगे त्याच्या पाठीला लागले आहेत. नकलांत तो खांबावरच्याचा गुरू. याच गुणापायी लोक त्याला पिंजऱ्यात डांबत आले. असं डांबणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. कुणाच्या घरी दिसला तर कौतुक करू नका, समजावून सांगा.

शेवटी थोडं व्यवहाराचं. ज्यांच्याकडे अजून शेती आहे, आणि आपल्यातल्या बऱ्याच घरांची रायपूर-दुर्गच्या आसपास आहे, त्यांनी धानात किंवा हरभऱ्यात पक्षीथांबे लावावेत. दोन काठ्या आडव्या-उभ्या बांधल्या की झालं. कोतवाल त्यावर बसून पतंग, टोळ, अळ्या उचलतो. धानात दाणा भरू लागला की थांबे काढून घ्या, नाहीतर दाणे खाणारे पाहुणे त्यावर येऊन बसतील. मधमाश्यांच्या पेट्या ठेवणाऱ्यांनी मात्र थांबे पेट्यांपासून दूर लावावेत, कारण कोतवालाला मधमाशी आवडते, हे लपवण्यात अर्थ नाही. किडीसाठी म्हणून दुसऱ्या महायुद्धाआधी तैवानातून रोटा नावाच्या बेटावर मुद्दाम कोतवाल नेऊन सोडले होते. तिथून ते समुद्र ओलांडून ग्वामलाही पोचले, असं मानतात. आपल्याला कुठून काही आणायचं नाही. तो आहेच. त्याला बसायला जागा आणि बांधायला झाड राहू दिलं, तरी पुरे.

झाडाचं जरा मनावर घ्या. बांधावरची बाभूळ, अर्जुन, मोह ही झाडं प्लॉट सपाट करताना पहिल्यांदा जातात. जिथे वाचवता येतील तिथे वाचवा. सोसायटीच्या आवारातल्या झाडांची छाटणी करायची तर ती हिवाळ्यात उरकून घ्या. एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत फांद्यांच्या टोकाशी, बेचक्यात, कोळ्याच्या जाळ्याने बांधलेली वाटीसारखी घरटी असतात. त्यात तीन-चार अंडी. पंधरवडा उबवायला, पुढचे अडीच-तीन आठवडे पिल्लं उडायला. म्हणजे एका घरट्यासाठी महिना-सव्वा महिना कुऱ्हाड थांबवायची आहे, फार नाही. त्या काळात झाडाखालून जाताना कोतवालाने डोक्यावर टोला मारला तर चिडू नका. छत्री घ्या.

आणि एक वही करा. पानावर तारीख, वेळ, जागा, आणि तो काय करत होता ते. नाव सगळ्यात शेवटी लिहा, खात्री झाली तरच. मुलांना सुट्टीत हे काम द्या. माझ्या वहीत पहिल्या चार महिन्यांत ‘काळा पक्षी, तोच खांब’ एवढंच वारंवार आहे. पाचव्या महिन्यात कुठे मी कोतवाल असं लिहिलं. आज चैत्राची पंचमी आहे आणि आमच्या सेक्टरातली जोडी रोज पहाटे साडेचारच्या सुमारास बोलायला लागली आहे. उद्या गजर लावा आणि गच्चीवर या.